बिनमेंढ्यांचा डोंगरराजा

तुंगा नावाच्या शेतावरच्या घराचं दार कोणी वाजवत नाही. त्या अख्ख्या खोऱ्यातच तशी रीत नाही. माणूस येतो, दाराशी बूट काढतो आणि "कॉफी आहे का?" असं ओरडत मोज्यांनिशी सरळ स्वयंपाकघरात शिरतो. दार वाजलंच तर समजावं, एक तर चर्चचा धर्मगुरू वाईट बातमी घेऊन आलाय, नाहीतर राजधानीतला कोणी माणूस वाट चुकलाय.

म्हणून ऑगस्ट सरता सरता एका सकाळी दारावर टकटक झाली, तेव्हा लापशी ढवळणारा अल्डाचा हात तसाच थांबला. तिने मनातल्या मनात घरच्या माणसांची हजेरी घेतली. थोरली राजधानीत, बँकेत. धाकटा मासेमारीच्या बोटीवर, पण बोट परवाच बंदराला लागलेली. नवरा समोर. म्हणजे वाट चुकलेलं माणूस असणार, असं ठरवून तिने गॅस बारीक केला.

नवऱ्याला टकटक ऐकूच आली नव्हती. केटिल खिडकीशी दुर्बीण लावून बसला होता. समोरच्या उतारावर शेजारच्या ओद्नीच्या काही मेंढ्या डोंगरातून आपण होऊनच लवकर उतरून आल्या होत्या, आणि त्यातली एक लंगडते की काय यावर त्याचं सकाळपासून चिंतन चाललं होतं. मेंढी ओद्नीची, पाय मेंढीचा, चिंता मात्र केटिलची.

"दार वाजतंय," अल्डा म्हणाली.

"डावा पुढचा."

"काय?"

"पाय. डावा पुढचा आहे."

अल्डाने जाऊन दार उघडलं. बाहेर तिशीतली एक मुलगी उभी होती. गाल लालबुंद, जॅकेटवर घोड्याचं चित्र, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू या घराचा पत्ता सापडणं हाच तिच्या आयुष्यातला मोठा पराक्रम. तिचं नाव सुन्नेवा. "खूर आणि क्षितिज" नावाच्या कंपनीकडून ती आली होती. ही कंपनी परदेशी पाहुण्यांना घोड्यावरच्या सुट्ट्या विकत असे. उन्हाळ्यात धबधबे, आणि सप्टेंबरात त्यांचा सगळ्यात महागडा माल, म्हणजे डोंगरातून मेंढ्या खाली आणण्याच्या मोहिमेत प्रत्यक्ष सहभाग.

केटिलने दुर्बीण खाली ठेवली आणि त्या खोऱ्यात कोणाही अनोळखी माणसाला विचारायचा असतो तो पहिला प्रश्न विचारला.

"कोणाची गं तू?"

मुलीने बापाचं नाव सांगितलं. ते पुरलं नाही. आजोबांचं सांगितलं. तेही पुरलं नाही. आजीकडच्या वळणावर मात्र केटिलचे डोळे चमकले. तिच्या आजीची बहीण एके काळी डोंगरावरच्या झोपडीत मेंढ्या हाकणाऱ्यांसाठी स्वयंपाक करायला येत असे, आणि तिची कॉफी इतकी कडक असे की घोडेसुद्धा वास आला की पुढे व्हायला तयार होत नसत. नातं जुळलं. आता मुलीला बसायला सांगायला हरकत नव्हती. अल्डाने तिसरा कप काढला.

केटिल काय होता ते इथे सांगायला हवं, कारण सुन्नेवाही त्यासाठीच आली होती.

जूनमध्ये खोऱ्यातल्या सगळ्या मेंढ्या डोंगरावर मोकळ्या सोडायच्या आणि सप्टेंबरात त्या शोधून, गोळा करून खाली आणायच्या, हे तिथे शतकानुशतकं चालत आलंय. ज्याची मेंढरं डोंगरात चरतात, त्या प्रत्येक घराने या कामासाठी माणूस द्यायचा. मेंढरं जास्त तर माणसं जास्त. कायद्यात याला भलंमोठं नाव आहे. लोक नुसतं "वेठ" म्हणतात. आणि या वेठीवर निघालेल्या सगळ्यांचा जो प्रमुख, कोणी कोणत्या दरीत जायचं, कोणी कुठली कड धरायची हे ठरवणारा, त्याला म्हणतात डोंगरराजा. या राजाला ना मुकुट ना पगार. शिव्या तेवढ्या भरपूर.

केटिल कितीतरी वर्षं डोंगरराजा होता. आणि राजाचं खरं काम डोंगरावर नसे, ते खोऱ्यातच असे: माणसं जमवणं. कारण सप्टेंबर उजाडला की खोऱ्यात कंबरदुखीची साथ येई. एरवी गवताचे भारे खांद्यावर टाकून धावणारे धडधाकट पुरुष अचानक भिंतीला धरून चालू लागत. अल्डाच्या मामाची दरवर्षी दाढ दुखायची. पुढे पुढे तर त्याच्या तोंडात दातच उरले नाहीत, तरी दाढदुखी काही संपली नाही. मग केटिल घरोघर जाई, कोणाला गोडीत, कोणाला तपकिरीची डबी पुढे करून, कोणाला त्याच्या आजोबांची अब्रू आठवून देऊन घोड्यावर बसवी. चार-पाच दिवस पावसात, धुक्यात, कधी पहिल्या बर्फात. परत आल्यावर तेच कंबरदुखे सगळ्यात मोठ्याने गात, आणि पुढचे सहा महिने आपणच कशी एकट्याने ती अवघड दरी राखली ते सांगत.

दोन वर्षांपूर्वी केटिलने मेंढ्या विकल्या. गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाला विक, मुलं म्हणाली विक, अल्डाही म्हणाली विक. त्याने सगळा कळप ओद्नीला दिला. ओद्नी पलीकडच्या शेतावरची; लहानपणापासून त्याच्याच हाताखाली डोंगर शिकलेली; आता तीच डोंगरराणी होती. व्यवहार चांगला झाला. मेंढ्या शेजारीच राहिल्या. तुंगाचं गवतही ओद्नीच कापून नेऊ लागली. सगळं कसं सोयीचं झालं.

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. मेंढी नाही तर वेठ नाही, आणि वेठ नाही तर डोंगरावर जायचं कशाला? हौस म्हणून कोणी जात नाही. गेल्या सप्टेंबरात घोडेस्वारांची रांग तुंगाच्या कुंपणावरून वर गेली, तेव्हा केटिल फाटकाशी उभा राहून प्रत्येकाला हात करत होता. सगळ्यांनी हात केला. कोणी म्हणालं नाही "चल". म्हणणार तरी कसं? ज्याच्यावर वेठ नाही त्याला "चल" म्हणणं म्हणजे त्याच्याकडे फुकटचं काम मागणं, आणि त्या खोऱ्यात माणूस मरेल पण फुकट काही मागणार नाही. केटिलही मरेल पण "येऊ का?" असं विचारणार नाही. तो आठवडाभर घरात बसला आणि त्याने एक दार दुरुस्त केलं. ते आधी चांगलं लागत असे.

आता सुन्नेवा कॉफीत साखर ढवळत सांगत होती की कंपनीच्या पाहुण्यांना अस्सलपणा हवा असतो. पाहुण्यांचे अभिप्राय आले होते. घोडे अस्सल होते, पाऊस तर फारच अस्सल होता, पण मेंढपाळ पाहुण्यांशी बोलत नव्हते. एका बाईने लिहिलं होतं की तिने एका शेतकऱ्याला डोंगराबद्दल विचारलं, तेव्हा तो बराच वेळ विचार करून "हं" म्हणाला. म्हणून कंपनीला एक असा माणूस हवा होता जो इथलाच आहे, राजा होऊन गेलेला आहे, आणि बोलतो.

"हा बोलतो असं कोण म्हणालं?" अल्डाने विचारलं.

सुन्नेवा म्हणाली, ओद्नी म्हणाली.

खोऱ्यात सगळे सगळ्यांना अरे-तुरेच करतात, बिशप आला तरी त्याला सवलत नाही; त्यामुळे सुन्नेवानेही केटिलला सरळच सांगितलं, "तुला काही करायचं नाही. तू फक्त तू असायचं."

अल्डाला वाटलं, एवढं सोपं असतं तर गेल्या दोन वर्षांत त्याने केलं नसतं का? तिने फक्त विचारलं की "तू असायचं" यात कपडे कुठले. तेव्हा सुन्नेवा जराशी चाचरली. डोंगरावर जाणारा प्रत्येक माणूस नारिंगी रबरी सूट घालतो, कोळी घालतात तोच, कारण त्यातून पाणी आत येत नाही. पण नारिंगी रंग फोटोत चांगला दिसत नाही, अस्सल वाटत नाही, असं कंपनीचं मत होतं. कंपनी लोकरीचा स्वेटर देणार होती. लोकर भिजली की तिचं वजन मेंढीएवढंच होतं, हे अल्डाने सांगून पाहिलं. सुन्नेवा म्हणाली, पाऊस आला तर वरून पारदर्शक रेनकोट मिळेल.

केटिल म्हणाला, विचार करून कळवतो.

सुन्नेवाची गाडी फाटकापाशी पोचते न पोचते तोच तो गोठ्यात जाऊन खोगिराला तेल चोळत बसला होता. अल्डा दारातून बघत राहिली. दोन्ही गुडघे जमिनीवर टेकून बसला होता. तेच गुडघे, ज्यांच्यामुळे मेंढ्या विकल्या.

मोहिमेच्या आधी पाहुणे एक दिवस तुंगाला "शेतावरच्या कॉफी"साठी येणार होते. सुन्नेवाला आशा होती की अल्डा स्वतः काहीतरी पारंपरिक तळेल. पीळ घातलेल्या तळणीच्या वड्या, ज्यांना तिथे क्लेनुर म्हणतात, त्या अल्डाने उभ्या हयातीत इतक्या तळल्या होत्या की तेलाचा वास आला तरी तिचं डोकं दुखे. तिने सहकारी दुकानातून दोन पाकिटं आणली, ओव्हनमध्ये गरम केली आणि आजीच्या ताटात मांडली. पाहुण्यांनी डोळे मिटून खाल्ल्या. हॅनोव्हरहून आलेल्या उल्रिके नावाच्या एका दंतवैद्य बाईने तर कृतीच विचारली. अल्डा म्हणाली की कृती घराबाहेर सांगायची नाही अशी पद्धत आहे. पाकिटं तिने आधीच चुलीत घातली होती.

उल्रिके बाई मोठी गोड होती. वर्षभर लोकांची तोंडं उघडून बघायची आणि एक आठवडा घोड्यावर बसून मोकळा वारा खायचा, असा तिचा नेम. ही सुट्टी तिने दोन वर्षं आधी नोंदवली होती. अल्डाला आपल्या मामाची आठवण आली. ज्या डोंगराला टाळण्यासाठी मामाने बत्तीस दात खर्ची घातले, तिथे जायला ही दातांची डॉक्टर पैसे मोजून रांगेत उभी होती. दोघांची एकदा गाठ पडायला हवी होती.

डोंगरावर काय झालं ते अल्डाने प्रत्यक्ष पाहिलं नाही. तिला ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. काही सुन्नेवाकडून, बरंचसं उल्रिकेकडून, आणि सगळ्यात कमी नवऱ्याकडून.

पहिल्या संध्याकाळी सगळे झोपडीवर पोचले. झोपडी म्हणजे आता पत्र्याची चांगली इमारत झालीय. एका बाजूला शेतकऱ्यांच्या झोपायच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला कंपनीने बांधलेली खोली, तिच्यात गाद्या जाड आणि भिंतीत उबेसाठी गरम पाण्याचे नळ. सुन्नेवाने केटिलला कौतुकाने त्या खोलीत नेलं, कारण गुडघे. त्याने तिथली खिडकीजवळची गादी घेतली. पातळ भिंतीपलीकडे शेतकरी गात होते, आणि उल्रिकेने नंतर सांगितलं, की केटिल अंथरुणावर बसून अगदी हळू आवाजात खालचा सूर धरत होता. तिला ते फार सुंदर वाटलं. तिने फोनवर टिपूनही घेतलं. पलीकडे मात्र कोणालाही तो ऐकू गेला नसणार.

सकाळी ओद्नीने जागा वाटल्या. डोंगरराणी दारात उभी राहते, एकेकाचं नाव घेते, आणि त्याला त्याची दरी देते. ज्याचं नाव आधी येतं त्याला लांबची, अवघड जागा. जे शेवटी येतात ते पोरंसोरं किंवा दारू न उतरलेले. केटिल त्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं त्या वेळी तो तिथेच तर उभा असे, फक्त तोंड दुसरीकडे करून. नावं संपत आली. शेवटी ओद्नी म्हणाली, "आणि पाहुणे नदीकाठाने. केटिलबरोबर."

नदीकाठाने मेंढ्या आपण होऊनच खाली येतात. तिथे माणूस लागत नाही. कुत्राही लागत नाही.

केटिलने तपकीर काढली, चिमूट ओढली, आणि पाहुण्यांना घेऊन नदीकाठाने निघाला. उल्रिके सांगत होती की तो खूप बोलला. दगडांची नावं सांगितली, कुठल्या वळणावर कोण घोड्यावरून पडलं ते सांगितलं, भुताची एक गोष्टही सांगितली. ती भुताची गोष्ट अल्डाने चाळीस वर्षांच्या संसारात कधी ऐकली नव्हती, तेव्हा ती त्याने तिथल्या तिथे रचली असणार. पाहुणे खूश. मग दुपारी भाकरी आणि धुरावलेलं मटण खाताना उल्रिकेने सहज विचारलं, की तुझ्या स्वतःच्या मेंढ्या किती? तो म्हणाला, एकही नाही.

"म्हणजे तूही आमच्यासारखा पाहुणाच!" ती म्हणाली, आणि तिने प्रेमाने आपल्या थर्मासातली कॉफी त्याला ओतून दिली.

हे उल्रिकेने अल्डाला फार जिव्हाळ्याने सांगितलं, की त्या क्षणी आम्हा सगळ्यांना तो आपलाच वाटला. अल्डाने मान डोलावली. तिला दिसलं, तो ती कॉफी कशी प्याला असेल ते. एका घोटात, थंड व्हायची वाट न बघता.

मेंढ्या खाली आल्या तो दिवस कोरडा आणि स्वच्छ उजाडला. हेही कंपनीच्या नशिबानेच, नाहीतर स्वेटराची परीक्षा झाली असती.

खोऱ्याच्या तोंडाशी दगडांचा गोल मेंढवाडा आहे. मधे मोठं रिंगण, आणि त्याच्याभोवती केकच्या तुकड्यांसारखे कप्पे, प्रत्येक शेताचा एक. कप्प्याच्या फाटकावर शेताचं नाव. सगळ्यांच्या मेंढ्या मधल्या रिंगणात ओतायच्या, मग माणसांनी त्यात घुसून एकेकीचा कान बघायचा, शिंगं धरायची, तिला दोन पायांत धरून आपापल्या कप्प्यात नेऊन सोडायची. कान बघायचा कारण प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी, आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. तुंगाची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक छाटलेलं आणि डाव्याला मागून दोन खाचा. केटिलच्या आजोबांनी ती त्यांच्या सासऱ्याकडून मिळवली होती. हुंडा म्हणून.

दोन वर्षं तुंगाचा कप्पा रिकामा होता. जागा वाया जाऊ नये म्हणून यंदा कंपनीने तिथे पाहुण्यांच्या जेवणाची सोय केली होती. लांब टेबलं, चौकडीचं मेणकापड, पाव, आणि मटणाच्या सुपाचं भलंमोठं पातेलं. सूप वाढायला कोणी स्थानिक बाई असली तर बरं, असं सुन्नेवा म्हणाली, आणि आपल्याच कप्प्यात परकी बाई उभी राहण्यापेक्षा आपण बरी, म्हणून अल्डा तयार झाली. केटिलला तिने आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, रिकाम्या जागेचा उपयोग होतोय, चांगलंच आहे. आणि मग बराच वेळ आपले बूट पुसत बसला होता.

दुपारपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. रिंगणात मेंढ्यांचा समुद्र, बेंबें, आरडाओरडा, भिंतीवर बसून गाणारी मंडळी, हातोहात फिरणाऱ्या बाटल्या. केटिल कंपनीच्या स्वेटरमध्ये पाहुण्यांच्या घोळक्यात उभा राहून समजावून सांगत होता. अल्डा डाव हातात घेऊन सूप वाढत होती आणि अधूनमधून त्याच्याकडे बघत होती. स्वेटर त्याला बाह्यांत आखूड होता.

मग उल्रिकेने एक मेंढी पकडली. पहिल्यांदाच. आनंदाने तिचे गाल फुलले, आणि तिने ओरडून केटिलला विचारलं, ही कोणाची?

केटिल गेला. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजच नव्हती. अशा गर्दीत तो नेहमी बोटांनीच कान वाचत असे. त्याच्या अंगठ्याने उजवा कान चाचपला, टोक छाटलेलं. डावा चाचपला, मागे दोन खाचा. विकलेल्या मेंढीच्या कानात नव्या मालकाचा बिल्ला बसतो, पण कापलेला कान काही पुन्हा उगवत नाही. बोटं बिल्ल्यापर्यंत पोचलीच नाहीत.

त्याने शिंगं धरली, मेंढी दोन पायांत घेतली, गर्दी कापत निघाला, तुंगाच्या फाटकाला नेहमीप्रमाणे गुडघ्याने ढकललं, आणि मेंढी आत सोडली. सरळ जेवणाऱ्या पाहुण्यांत.

अल्डाने हाक मारली. पण तो वळला होता, खाली मान घालून, पुढचा कान शोधत. काम करताना माणूस मान वर करत नाही. मिनिटाभरात दुसरी मेंढी आली. मग तिसरी. आता त्याच्या चालण्यात काहीतरी बदललं होतं. गुडघे आठवत नव्हते त्याला. तो ओरडत होता, "बाजूला व्हा रे, वाट द्या!" आणि लोक वाट देत होते, कारण त्या आवाजाला वाट द्यायची त्यांनाही सवय होती. फाटक उघडंच राहिलं होतं. आणि मग, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसं, केटिलच्या जुन्या म्हाताऱ्या मेंढ्या एकीमागून एक आपण होऊनच तुंगाच्या कप्प्याकडे दुडकत आल्या. जन्मभर त्या याच फाटकातून आत गेल्या होत्या. विक्रीचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

आत हलकल्लोळ. मेणकापड गेलं, पाव गेला, एक कॅनडाचा म्हातारा टेबलावर चढला. एका मेंढीने सुपाच्या पातेल्यात तोंड घालून हुंगलं, आणि काही ओळखीचं आठवल्यासारखी दचकून मागे सरली. भिंतीवरच्या गाणाऱ्यांनी गाणं थांबवलं. त्यातला एक जण खालच्या पट्टीत म्हणाला, "केटिल, सुपात मटण कमी पडलं का रे?" आणि अख्खा मेंढवाडा हसला.

तेव्हा केटिलने मान वर केली.

त्याच्या दोन पायांत आणखी एक मेंढी होती. त्याने टेबलं बघितली, पाहुणे बघितले, डाव हातात घेतलेली आपली बायको बघितली. अल्डाला त्याची मान दिसली. कॉलरपासून कानापर्यंत लाल होत गेलेली. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये तो चुकीच्या रांगेत जाऊन बसला होता, तेव्हा तिने असा रंग पाहिला होता, त्यानंतर आज.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मनापासून वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. टेबलावरचा कॅनडाचा म्हातारा तर सगळ्यात जोरात वाजवत होता. सुन्नेवा धावत आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. कौतुकाने ती केटिलला म्हणाली की हे अप्रतिम होतं, इतकं अस्सल काही तिने पाहिलं नव्हतं, आणि दुसऱ्या गटाची बस तीन वाजता येते, तेव्हा पुन्हा एकदा करशील का?

अल्डाने डाव खाली ठेवला, आणि सुन्नेवाला हाताला धरून बाजूला नेलं, पाव संपलाय, आणून दे म्हणून. पाव गाडीत भरपूर होता. पण गाडी लांब उभी होती.

मग ओद्नी आली. उंच, रुंद खांद्यांची बाई, नारिंगी सुटात, आवाज बसलेला. तिने कप्प्यात एक नजर टाकली आणि हसली नाही. मेंढ्या तिच्या होत्या. तिने एकीचं शिंग धरून फाटकाबाहेर काढली, दुसरी काढली, आणि काम करता करताच म्हणाली, की होतं असं. मागच्या वर्षी तिच्या कुत्र्यानेही या मेंढ्या इथेच आणल्या होत्या. हे सांत्वन होतं. तिला एवढंच येत असे.

केटिल त्या एका मेंढीला दोन पायांत धरून तसाच उभा होता.

"सोड तिला," ओद्नी म्हणाली. "पुढच्या वर्षीही ये. सुन्नेवा म्हणते पाहुण्यांना तू फार आवडलास."

"पाहुण्यांबरोबर नाही यायचं."

"मग कसा येणार? वेठ मेंढ्यांवर पडते, माणसावर नाही. तूच मला हे शिकवलंस." ती थांबली, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "नियम वाकवून तुला नाव दिलं, तर उद्या कोणीही हौशी येऊन रांगेत उभा राहील."

भिंतीवरची मंडळी पुन्हा गाऊ लागली होती. अल्डा सुपाच्या पातेल्यावर झाकण ठेवून उभी राहिली. चाळीस वर्षांत या माणसाने कोणाकडे काही मागितलेलं तिने ऐकलं नव्हतं. मीठसुद्धा तो उठून स्वतः घेई. आणि आता त्याचे ओठ हलत होते, बंद होत होते, पुन्हा हलत होते. तिला वाटलं आपणच बोलावं. पण तिने पातेल्याचं झाकण नीट केलं, आणि वाट बघितली.

केटिलने मेंढीच्या कानावर हात ठेवला.

"ही एक माझ्या नावावर कर," तो म्हणाला. "राहू दे तुझ्याच गोठ्यात, तुझ्याच कळपात. हिवाळ्याचं गवत मी देईन, लोकर तू घे, कोकरू झालं तर तेही तू घे. मला फक्त ही एक मेंढी असू दे, ओद्नी. म्हणजे पुढच्या सप्टेंबरात माझ्यावर वेठ पडेल, आणि मला जावंच लागेल."